व्हायकिंग मालिका: अस्सल वाटतं ते बनावट, आणि बनावट वाटतं ते…?

बखरवाचक (धागाकर्ता)

'व्हायकिंग्ज' (२०१३-२०२०), 'द लास्ट किंगडम' (२०१५-२०२२) आणि 'व्हायकिंग्ज: वलहल्ला' (२०२२-२०२४) यांवर बोलणं निघालं की गाडी "शिंगं नव्हती हो त्यांना" या स्टेशनावर येऊन थांबते. म्हणून शिंगांचं एकदाच सांगून टाकतो. ती आली १८७६ साली, बायरॉइटला वाग्नरच्या ऑपेरासाठी कार्ल एमिल डोप्लरनं केलेल्या वेषभूषेतून. डेन्मार्कात व्हेक्सो इथे शिंगांची शिरस्त्राणं खरोखर सापडली आहेत, पण ती कांस्ययुगातली. व्हायकिंग तोवर दीड हजारांहून अधिक वर्षं लांब होते. तिन्ही मालिकांनी ही चूक टाळली आहे. विषय संपला.

आता कालगणना. 'व्हायकिंग्ज'चा नायक राग्नार लोथब्रोक हा एक माणूस नाही, मोळी आहे. ७९३ चा लिंडिसफार्नचा (इंग्लंडच्या किनाऱ्यावरचा मठ) हल्ला, ८४५ चा पॅरिसवरचा हल्ला, ८८५-८६ चा पॅरिसचा वेढा, सगळं त्याच्या डोक्यावर. शवपेटीत मेल्याचं सोंग करून शहरात शिरायची युक्तीही उसनी. ती इटलीतल्या लूना शहराच्या गोष्टीतून, हाश्टाइन नावाच्या दुसऱ्याच सरदाराची. भाऊ दाखवलेल्या रॉलोला नॉर्मंडी मिळाली ९११ मध्ये. म्हणजे लिंडिसफार्नला तो विशीत असेल तर जहागीर हाती आली तेव्हा १३८ वर्षांचा!

हे मला खपतं. कारण राग्नारचं साधनच तसं आहे. सागा म्हणजे बखर: घटनेनंतर तीन-चार शतकांनी, बहुतेक तेराव्या शतकातल्या आइसलंडमध्ये लिहिलेली, रंगवलेली. अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल किंवा फ्रँकांच्या वार्षिक नोंदी म्हणजे आपल्या जेधे शकावलीच्या जातीच्या, कोरड्या पण तारखेला धरून. ८४५ च्या नोंदीत १२० जहाजं आहेत, ७००० पौंड चांदी देऊन 'टकला' म्हणवणाऱ्या शार्ल राजानं केलेली सुटका आहे. हल्लेखोरांचा म्होरक्या रेगिनहेरस. हाच राग्नार असं नंतरच्यांनी धरलं.

खपत नाही ते पहिल्या सीझनचं गृहीतक. म्हणे पश्चिमेला जमीन आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं आणि राग्नारनं ते शोधलं. ७८९ च्या सुमारास तीन जहाजं वेसेक्सच्या, म्हणजे दक्षिण इंग्लंडमधल्या राज्याच्या, पोर्टलंडला लागली. राजाचा अधिकारी बेडुहर्ड त्यांना व्यापारी समजून दरबारी हजेरीला न्यायला गेला आणि मारला गेला. अनोळखी जहाजं व्यापाऱ्यांची असणार, हे त्याला नेहमीचं वाटत होतं हे लक्षात घ्या. आणि लिंडिसफार्न लुटलं गेल्यावर अल्क्विन या विद्वान धर्मगुरूनं नॉर्थंब्रियाच्या (उत्तर इंग्लंड) राजाला लिहिलेल्या पत्रात काय झापलंय? की तुम्ही लोक दाढी आणि केसांत त्या मूर्तिपूजकांची नक्कल करता. ज्यांना कधी पाहिलंच नाही त्यांच्या केसांची फॅशन कुणी उचलत नाही.

नाममात्र

वा, धागा बुकमार्क. केसांचा विषय निघालाच आहे तर बाजूनं तासलेलं डोकं, वेण्या, डोळ्यांत काजळ, अंगभर गोंदण… हे सगळं सरळसरळ रॉकबँड आहे ना?

चौकसकाकू

नाममात्र, गंमत म्हणजे तुम्हाला सगळ्यात खोटं वाटलेलं काजळ हेच त्यातलं सगळ्यात पक्कं आहे. अल-तार्तुशी हा कॉर्डोबाकडचा प्रवासी ९६५ च्या आसपास हेडबी या डेनांच्या व्यापारी शहरात गेला होता. तिथे बायका आणि पुरुष दोघंही डोळ्यांना काहीतरी लावतात, असं त्यानं नोंदवलंय.

केसांचं उलटं आहे. बाजू तासून मध्ये पट्टा ठेवण्याला आधार नाही. एल्फ्रिक या इंग्रज मठवाशाच्या इ.स. १००० च्या सुमाराच्या पत्रात 'डेनिश पद्धत' म्हणून जे हिणवलंय ते म्हणजे मान उघडी आणि डोळे झाकलेले. मागून बारीक, पुढून झुलपं कपाळावर. आजच्या कॅमेऱ्यासमोर हे इतकं बावळट दिसेल की कुणी नटाला तसं उभं करणार नाही.

गोंदणाला एकच चांगला साक्षीदार, बगदादहून आलेला दूत इब्न फदलान. ९२२ मध्ये त्यानं व्होल्गाकाठी रूस, म्हणजे पूर्वेकडे गेलेले व्हायकिंग, पाहिले. नखांपासून मानेपर्यंत झाडांच्या वगैरे हिरव्या आकृत्या होत्या म्हणतो. पण ते पूर्वेकडचे व्यापारी. त्या काळातली कातडी एकही टिकलेली नाही, त्यामुळे नॉर्वेतल्या शेतकऱ्याच्या टाळूवर गोंदण काढणं ही मेकअपवाल्याची मर्जी.

आणि मळ! तिन्ही मालिकांत माणसं चिखलात लोळून आल्यासारखी. उत्खननात सांबरशिंगाचे कंगवे ढिगानं निघतात. शनिवारचं जुनं नाव 'लाउगारदागुर', म्हणजे न्हाण्याचा वार. आजचं डॅनिश लोरदाग तिथूनच. इंग्लंडमधल्या एका तेराव्या शतकातल्या बखरीत तर तक्रार आहे की हे डेन रोज केस विंचरतात, दर शनिवारी अंघोळ करतात आणि आमच्या बायका त्यांच्यावर भाळतात.

पण माझा खरा राग कपड्यांवर आहे. काळं चामडं, त्यावर बकला, खांद्यावर न शिवलेली लोकरीची कातडी. चामडं मिळतं ते जोडे, पट्टे, म्यानं यांत. यॉर्कच्या कॉपरगेटला ओल्या मातीत चामडं उत्तम टिकलंय आणि त्यात जोड्यांचा ढीग आहे, बाइकवाल्याचं जाकीट नाही. अंगावर असायचं लोकर आणि जवसाच्या झाडाच्या धाग्याचं कापड, म्हणजे लिनन. तेही रंगवलेलं: लाल मॅडरच्या मुळाचा, जी आपल्या मंजिष्ठेची सख्खी बहीण, निळा वोडच्या पानांचा, ज्यात रंगद्रव्य तेच जे आपल्या निळीत. गडद निळा किंवा लाल म्हणजे खिशात पैसा. करडा-तपकिरी म्हणजे न रंगवलेलं, गरिबाचं. मालिकेत नेमके राजे करड्या-काळ्यात आणि प्रजाही करड्या-काळ्यात.

बायकांचं अजून सोपं होतं. खांद्यांवरून पट्टे येणारा झगा, छातीशी दोन कासवाच्या पाठीसारखे लंबगोल ब्रोच, दोघांच्या मध्ये मण्यांची माळ. हे ब्रोच इतके सर्रास मिळतात की त्यावरून कबर बाईची असं धरलं जायचं. स्वीडनमधल्या बिरका या व्यापारी गावाच्या कबरींमध्ये कापड टिकलंय तेच मुळी ब्रोचच्या गंजाला चिकटून, नखाएवढे तुकडे. त्या तुकड्यांवरून विणकामाचा प्रकार कळतो, रंग कळतो. एवढं आयतं हाताशी असताना राग्नारच्या लढवय्या बायकोला, लागेर्थाला, चामड्याची चोळी कशाला?

ओंडका

काकू, दंडवत. जहाजांची बाजू घेतो, कारण तिथे 'व्हायकिंग्ज'नं बराच अभ्यास केलाय.

मालिकेतला जहाज बांधणारा फ्लोकी झाड नुसतं बघून आत दोन फळ्या आहेत असं सांगतो तो प्रसंग आठवा. गूढ वाटतो, पण सुतारकी म्हणून बरोबर आहे, फक्त पाइनसाठी. पाइनचा ओंडका पाचरी ठोकून उभा दुभागायचा, प्रत्येक अर्ध्यातून कुऱ्हाडीनं तासत एक फळी. ओकचं गणित वेगळं. मीटरभर जाडीचा ओंडका आधी निम्मा, मग चौथाई, मग आठवा, सोळावा असा केंद्राकडून चिरत जायचं, कलिंगडाच्या फोडींसारखं. म्हणजे फळीत लाकडाचे धागे अखंड राहतात. करवत धागे कापते. चिरलेली फळी पातळ असूनही मोडत नाही. लाकूड ओलंच वापरायचे, वाळलं की ओक चिरत नाही. त्यामुळे कुठल्याही मालिकेत बंदरावर सरळ, एकसारख्या जाडीच्या करवती फळ्या रचलेल्या दिसल्या की समजावं, वखारीतून आल्यात.

बांधणीचा क्रम: आधी कील (तळाचा कणा), मग दोन्ही टोकांच्या नाळी, मग फळ्या, आणि फासळ्या शेवटी. कोकणातल्या गलबताची फळी काठाला काठ भिडवून बसते. इथे वरची फळी खालचीवर चढते, कौलासारखी. चढलेल्या जागेत डांबरात भिजवलेला लोकरीचा पीळ, बाहेरून लोखंडी खिळा, आतून त्यावर चकती, खिळ्याचं टोक तोडून चकतीवर ठोकून बसवायचं. असं हुल, म्हणजे जहाजाचं अंग, लाटेबरोबर पिळवटतं पण सांधे सुटत नाहीत. डेन्मार्कातल्या रॉस्किल्डच्या फ्योर्डमधून (अरुंद खाडीतून) १९६२ मध्ये काढलेल्या पाच जहाजांपैकी मोठं युद्धजहाज ३० मीटर लांबीचं. त्याचा ओक १०४२ मध्ये डब्लिनजवळ तोडलेला. त्याची प्रतिकृती २००७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये रॉस्किल्डहून डब्लिनला वल्हवत आणि शिडावर गेली, तेव्हा हे पिळवटणं प्रत्यक्ष मोजता आलं.

चुका कुठे होतात? एक, ढाली. कडेला रंगीत ढाली लावून वल्ही मारत चाललेलं जहाज हे प्रत्येक पोस्टरवर असतं. नॉर्वेत सापडलेल्या गोकस्टाड जहाजावर ६४ ढाली मिळाल्या, प्रत्येक बाजूला ३२, एक पिवळी एक काळी, एकमेकींवर चढवून. पण वल्ह्यांची भोकं बाजूला १६ आणि ढाली बरोबर त्यांच्यावरून येतात. ढाली लावल्या तर वल्हं बाहेर निघत नाही. बंदरात मिरवायला ठीक. दोन, वल्ही एकाच मापाची. गोकस्टाडची ५.३० ते ५.८५ मीटर, कारण टोकांना कड पाण्यापासून उंच जाते. सगळी सारखी घेतली की टोकाच्या माणसाचं पातं हवेत. तीन, शीड. ते लोकरीचं, आणि लोकरीतून वारा गळतो, म्हणून चरबी, डांबर आणि गेरू चोळून बुजवायचं. मालिकेतलं शीड धुतलेल्या चादरीसारखं कोरडं फडफडतं. सुकाणू मात्र सगळ्यांनी उजव्या कुशीवर बरोबर दाखवलंय. आजही नाविक त्या बाजूला स्टारबोर्ड म्हणतात ते त्या सुकाणूमुळेच.

आणि सूर्यमणी. ढगाळ दिवशी स्फटिकातून सूर्य शोधता येतो हे प्रकाशशास्त्र म्हणून बरोबर. पण जहाजात सापडलेला तसा स्फटिक चॅनल बेटांतल्या ऑल्डर्नीजवळ १५९२ मध्ये बुडालेल्या इंग्रजी जहाजातला. व्हायकिंग जहाजात एकही नाही.

नाममात्र

मग चौथ्या सीझनमध्ये जहाजं कड्यावर ओढून चढवतात ते? तिथे मी बंद केली होती मालिका.

ओंडका

कडा खोटा. पॅरिसजवळच्या सीन नदीला तसले कडे नाहीतच. पण जहाजं जमिनीवरून ओढून शहर टाळणं खरं आहे. ८८५-८६ च्या वेढ्यानंतर पॅरिसकरांनी पुलाखालून वाट दिली नाही तेव्हा तसं केल्याचं समकालीनांनी लिहिलंय. सपाट जागेवरून ओंडक्यांवर सरकवत.

लोहारआळी

आता हत्यारं. ढाल हे सगळ्यात चुकलेलं पात्र. मालिकेतली ढाल जाड प्लायवूड, कडेला लोखंडी पट्टी. खरी ढाल मध्ये ७-८ मिलिमीटर, काठाकडे आणखी पातळ. गोकस्टाडच्या ढालींचा व्यास ९४ सेंटिमीटरच्या आसपास. मध्ये भोक, त्यावर लोखंडी घुमट, त्याच्या आत मूठ. ती हाताला बांधायची नसते, मुठीत धरायची, म्हणजे दारासारखी फिरवता येते. समोरच्याचा वार बोथट करायला तिरकी लावायची. सरळ समोर धरून वार झेलत बसलात तर दहा-बारा घावांत चिंध्या. काठाला कच्चं चामडं. ते वाळताना आवळतं आणि फळ्या एकत्र धरतं. लोखंडी काठ लावला की वजन बाहेरच्या बाजूला जातं आणि मनगट पाच मिनिटांत संपतं.

तलवार पाठीवर: 'लास्ट किंगडम'च्या उट्रेडनं हे फॅशनमध्ये आणलं. पातं ७५-८० सेंटिमीटर. हात डोक्यामागे नेऊन वर ओढल्यावर मूठ जितकी पुढे जाते तितकीच लांबी म्यानाबाहेर येते, आणि ती पात्याहून कमी भरते. शेवटचा वीतभर भाग म्यानात अडकून राहतो. परत म्यान करताना मान कापायचा धोका वेगळाच. सेटवर एकतर म्यान चिरलेलं असतं नाहीतर कट मारतात. तलवार डाव्या कमरेला, एवढंच उत्तर.

तशीही तलवार श्रीमंताची वस्तू. साध्या माणसाकडे भाला, लाकूडफोडीची कुऱ्हाड, ढाल. दुधारी कुऱ्हाड कुठेच नाही. मोठी डेन कुऱ्हाड दिसायला राक्षसी, पण पातं धारेजवळ कागदासारखं पातळ, किलोभर वजनाचं. मालिकेतली प्रॉप कुऱ्हाड म्हणजे घण.

शिरस्त्राण: नॉर्वेत येरमुंडबू इथे १९४३ मध्ये सापडलं ते दहाव्या शतकातलं, गोल टोपी आणि चष्म्यासारखा पत्रा. पूर्ण म्हणावं असं जवळजवळ तेवढंच. नटाचा चेहरा दिसायला हवा म्हणून नायक उघड्या डोक्यानं लढतो हे समजू शकतं. पण 'व्हायकिंग्ज'मधले सॅक्सन सैनिक पंधराव्या शतकातल्या वाटणाऱ्या शिरस्त्राणात, तेही सगळे एकसारख्या गणवेशात, हे का? नवव्या शतकात गणवेश देणार कोण?

बखरवाचक

@लोहारआळी, ढालीचं वाचून प्रत्येक लढाई पुन्हा बघावी लागणार.

जळतं जहाज राहिलं. पहिल्या सीझनमध्ये अर्ल हाराल्डसनचा दहनविधी बऱ्यापैकी इब्न फदलानवरून घेतलाय: सोबत जायला तयार झालेली दासी, तिला मारणारी 'मृत्यूची देवदूत' म्हातारी. मग जहाज पाण्यात सोडलं, वर पेटते बाण. इथे घसरले. इब्न फदलानचं जहाज काठावर ओढून लाकडी माचावर ठेवलेलं होतं. मेलेल्याची संपत्ती तीन हिश्श्यांत: एक घरच्यांना, एक कपड्यांना, एक दारूला. दहा दिवस मडं तात्पुरत्या खड्ड्यात. मग सगळ्यात जवळचा नातलग नागडा होऊन, पेटतं लाकूड हातात घेऊन, जहाजाकडे पाठ करून उलटा चालत जातो, दुसरा हात मागे धरलेला. तो खालून माच पेटवतो, मग बाकीचे एकेक लाकूड टाकतात. घटकाभरात राख. वर मातीचा ढीग, त्यावर बर्चचा खांब.

पाण्यातलं जहाज का चालत नाही याचं उत्तर आपल्याकडे कुणालाही कळेल. चितेला खालून हवा लागते आणि तासन्‌तास आच लागते. तरंगत्या जहाजात खालून हवा नाही. आग वरून जळत पाण्याच्या पातळीला आली की हुल भरतं आणि अर्धवट जळलेला देह बुडतो, नाहीतर दोन दिवसांनी गावच्याच किनाऱ्याला लागतो.

चौकसकाकू

आणि रक्तगरुड, म्हणजे पाठीतून बरगड्या उघडून फुप्फुसं बाहेर काढायची ती शिक्षा? तो प्रसंग मी आवाज बंद करून पाहिला.

बखरवाचक

बखरीतला, तिथे बळी नॉर्थंब्रियाचा राजा एला. क्रॉनिकल एवढंच सांगतं की ८६७ मध्ये यॉर्कच्या लढाईत एला आणि ओस्बर्ट दोघेही राजे पडले. पाठीवर गरुड कोरणं हे पुढच्या कवितेत येतं, आणि त्या ओळीचा अर्थ गरुडानं प्रेताची पाठ फाडली असाही लागतो, कारण युद्धात पडलेल्यांवर गरुड-कावळे बसवणं हा त्या कवींचा ठरलेला अलंकार. शरीरशास्त्र म्हणाल तर बरगड्या उघडताच फुप्फुसं मिटतात. पुढचा सगळा विधी मेलेल्या माणसावर. मालिकेतला मुकाट्यानं सोसत राहणारा यार्ल बोर्ग शक्य नाही.

नाममात्र

ढालवाल्या बायका तरी खऱ्या म्हणा.

लोहारआळी

बिरकाची ५८१ क्रमांकाची कबर. १८७८ मध्ये उकरली: तलवार, कुऱ्हाड, भाले, बाण, दोन ढाली, दोन घोडे, पटावरच्या सोंगट्या. शंभरावर वर्षं ती 'आदर्श योद्ध्याची' म्हणून पुस्तकांत छापली गेली. २०१७ मध्ये डीएनए तपासला, हाडं बाईची. ती लढली का हे हाडं सांगत नाहीत, पण पुरुषाच्या बाबतीत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. एका कबरीवरून पलटणी उभ्या करणं मात्र मालिकेचं काम.

ओंडका

'वलहल्ला'चं दोन ओळींत उरकतो. तिचा एक नायक हाराल्ड सिगुर्डसन १०१५ च्या सुमारास जन्मला. मालिकेत तो १००२ च्या सेंट ब्राइस दिवशी इंग्लंडमधल्या डेनांच्या झालेल्या कत्तलीचा सूड घ्यायला दाढीमिशांसकट हजर. लंडनचा पूल पाडल्याची कथा आहे, हाराल्डचा सावत्र भाऊ ओलाफच त्यात आहे, पण इंग्रज राजाच्या बाजूनं आणि डेनांविरुद्ध. मालिकेनं बाजूच उलटी केली.

लोहारआळी

'लास्ट किंगडम'चं एक कौतुक करायलाच हवं: गुथ्रमचा बाप्तिस्मा. ८७८ ला एडिंग्टनला हरल्यावर शत्रूचा राजा धर्म बदलतो आणि वेसेक्सचा राजा आल्फ्रेड त्याचा धर्मपिता होतो, हे लेखकाला सुचलेलं वाटतं. ते क्रॉनिकलमध्ये आहे.

पण आल्फ्रेडचं खरं हत्यार मालिकेत कोपऱ्यातच राहिलं: बुर्ह, म्हणजे तटबंदीची गावं. ती कशी राखायची याचा कोष्टकासकट हिशेब शिल्लक आहे, त्याच्या मुलाच्या काळात लिहिलेला. एका हाइड (तेव्हाचं जमिनीचं माप) जमिनीमागे एक माणूस. तटाच्या एका पोलला, म्हणजे साडेसोळा फुटांना, चार माणसं. विंचेस्टरच्या वाट्याला २४०० हाइड. म्हणजे २४०० माणसं, ६०० पोल, ९९०० फूट तट. विंचेस्टरची रोमन भिंत मोजली तर ९९५४ फूट भरते. हजार वर्षांपूर्वीच्या कारकुनाची चूक ५४ फुटांची.

नाममात्र

मग त्या ५४ फुटांवर कोण उभं राहायचं?

लोहारआळी

हिशेबानं तेरा माणसं कमी पडतात.